पायात गोळा का येतो? लगेच काय करायचं, पुन्हा येऊ नये म्हणून काय करायचं आणि दवाखाना कधी गाठायचा?

रात्रीचे दोन-अडीच वाजलेले असतात. गाढ झोपेत अचानक पोटरीत कळ येते, हात लावून पाहावं तर पोटरी दगडासारखी घट्ट झालेली असते. पाय हलवता येत नाही, घरातले जागे होतात, कुणी तेल आणायला धावतं, कुणी म्हणतं, "शिरेवर शीर चढली." दोन-चार मिनिटांत कळ थांबते, पण पोटरी दुसऱ्या दिवशीही दुखत राहते.

याला कुणी गोळा येणं म्हणतं, कुणी वांब येणं, कुणी पेटके येणं, तर कुणी नस चढणं. डॉक्टर 'मसल क्रॅम्प' म्हणतात. नाव कोणतंही असलं तरी त्रास एकच: स्नायू आपल्या इच्छेशिवाय आखडतो आणि सैल व्हायचं नाव घेत नाही.

वाशीम जिल्ह्यात हा त्रास कुणाला नवा नाही. ऑक्टोबरच्या उन्हात दिवसभर वाकून सोयाबीनची सोंगणी करणारे मजूर, पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर १६०० मीटरचा सराव करणारी मुलं, आषाढीआधी मालेगाव, शिरपूर, रिसोड या भागातून जाणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीसोबत चालणारे वारकरी, रामनवमीच्या उन्हात पोहरादेवीच्या यात्रेला येणारे भाविक, गरोदर महिला आणि साठी ओलांडलेले आजी-आजोबा. या सगळ्यांना तो होऊ शकतो.

बहुतेक वेळा गोळा निरुपद्रवी असतो आणि त्यावरचा पहिला उपाय औषधाच्या दुकानात नाही, आपल्याच हातात असतो. पण काही वेळा गोळा म्हणजे शरीराने दिलेला इशारा असतो. हा फरक ओळखता येणं महत्त्वाचं आहे.

गोळा आला की लगेच काय करायचं?

आखडलेला स्नायू हळूहळू ताणायचा. हाच सगळ्यात लवकर गुण देणारा उपाय आहे.

पोटरीत गोळा आला असेल तर: खाली बसा, गुडघा सरळ करा, पायाची बोटं हाताने धरून आपल्याकडे ओढा. हात पोहोचत नसेल तर तळपायाला गमछा, टॉवेल किंवा ओढणी अडकवून दोन्ही टोकं ओढा. झटका देऊ नका. २० ते ३० सेकंद तसंच धरा, सोडा, गरज वाटली तर पुन्हा करा. उभं राहता येत असेल तर भिंतीला हात टेकवा, दुखरा पाय मागे घ्या, टाच जमिनीवर घट्ट ठेवा आणि पुढे झुका.

मांडीच्या मागच्या बाजूला गोळा आला असेल तर: पाय सरळ पसरून बसा आणि पाठ न वाकवता कमरेतून हळूच पुढे झुका.

मांडीच्या पुढच्या बाजूला आला असेल तर: आधार घेऊन उभे राहा, गुडघा मागे दुमडा आणि पाऊल हाताने धरून टाच कुल्ल्याकडे न्या.

तळपायात आला असेल तर: पायाचा अंगठा आणि बोटं वरच्या बाजूला ओढून धरा.

हातात किंवा बोटांत आला असेल तर: तळहात टेबलावर किंवा जमिनीवर टेकवून बोटं सरळ पसरवा.

कळ ओसरली की मग हलक्या हाताने चोळा. तिळाचं, खोबऱ्याचं, घरात असेल ते तेल चालेल. गुण येतो तो चोळण्याने आणि उबेने, अमुक एका तेलाने नाही. गरम पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने शेकलं तरी आराम पडतो. मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी मात्र शेक घेताना काळजी घ्यावी. चटका बसला तरी त्यांना कळत नाही.

शिरेवर शीर खरंच चढते का?

नाही. शिरा आपली जागा सोडून एकमेकींवर चढत नाहीत. बिघाड होतो तो स्नायू आणि त्याला हुकूम देणाऱ्या मज्जातंतूच्या संवादात.

प्रत्येक स्नायूला मज्जारज्जूकडून 'आखड' असा संदेश येतो. स्नायूत ताण मोजणारे दोन प्रकारचे संवेदक असतात. एक स्नायूच्या आत असतो, तो आखडण्याला चालना देतो. दुसरा स्नायू हाडाला जिथे जोडला जातो त्या कंडरेत असतो. ताण जास्त झाला की तो 'आता पुरे' असा संदेश पाठवतो. एक गाडीचा ॲक्सिलेटर समजा, दुसरा ब्रेक.

स्नायू खूप थकला की हा तोल बिघडतो. ॲक्सिलेटर दाबलेला राहतो आणि ब्रेक ढिला पडतो. त्यातच स्नायू आधीच आखूड अवस्थेत असेल तर ब्रेक आणखी कमी लागतो. मग मज्जातंतू संदेश पाठवतच राहतो आणि स्नायू गच्च होतो.

ताण दिल्यावर गोळा का सुटतो, हेही यातूनच कळतं. आपण पाय ओढतो तेव्हा कंडरेतला संवेदक जागा होतो आणि ब्रेक लागतो.

रात्रीच का येतो, याचं एक उत्तरही इथेच आहे. झोपेत पाऊल खालच्या दिशेला झुकलेलं असतं, जड पांघरुणाने ते आणखी दाबलं जातं. त्यामुळे पोटरीचा स्नायू तासन् तास आखूड राहतो. अशा वेळी झोपेत पाय ताणताना बोटं खाली गेली की गोळा आलाच म्हणून समजा.

मीठ आणि पाणी कमी पडल्याने गोळे येतात, हे खरं की खोटं?

अर्धं खरं.

शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या कोळसा खाणीतल्या कामगारांना पोटऱ्यांत आणि पोटात जबर पेटके येत. घामावाटे मीठ जायचं आणि ते भरपूर साधं पाणी प्यायचे. पाण्यात मीठ घालून दिल्यावर त्रास कमी झाल्याचं १९२०च्या दशकात नोंदवलं गेलं. 'मीठ कमी, म्हणून गोळा' हा समज तिथून घट्ट झाला.

पुढे धावपटूंवर अभ्यास झाले तेव्हा चित्र वेगळं दिसलं. पोहणं, सायकल आणि धावणं अशी लांब पल्ल्याची 'आयर्नमॅन' शर्यत पूर्ण करणाऱ्या २१० खेळाडूंचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना गोळे आले आणि ज्यांना आले नाहीत, त्यांच्यात पाण्याची कमतरता किंवा रक्तातलं सोडियम यावरून फरक करता येत नव्हता. ज्यांनी जास्त वेगाने शर्यत केली आणि ज्यांना आधीही गोळे येत होते, त्यांना ते जास्त आले.

दुसरीकडे, २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात १० तरुणांवर एक छोटा प्रयोग झाला. उष्णतेत धावून घाम गाळल्यावर नुसतं पाणी प्यायलेल्यांच्या स्नायूंत गोळा सहज येऊ लागला. क्षारयुक्त पाणी प्यायल्यावर मात्र तो तितक्या सहज आला नाही.

दोन्हींचा मिळून अर्थ असा: थकवा हे मोठं कारण आहे. पण उन्हात तासन् तास घाम गाळणाऱ्यासाठी मीठ-पाण्याचा हिशेबही महत्त्वाचा आहे, आणि तिथे नुसतं साधं पाणी पुरत नाही. पंख्याखाली झोपलेल्या आजोबांना रात्री येणारा गोळा आणि सोंगणी करणाऱ्या मजुराला दुपारी दोन वाजता येणारा गोळा, यांची कारणं वेगळी असू शकतात. म्हणून उपायही वेगळे.

उन्हात काम करणाऱ्यांनी, चालणाऱ्यांनी काय करावं?

सोंगणीचं काम बहुतेकदा एकराच्या हिशेबाने घेतलेलं असतं. जितकं लवकर आटोपेल तितकं बरं, म्हणून विसावा घेतला जात नाही. थकवा आणि घाम दोन्ही एकाच वेळी वाढतात.

• तहान लागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने थोडं थोडं पाणी प्या. एकदम तांब्याभर नको.

• पाण्यासोबत मीठ असलेलं काहीतरी घ्या. मीठ घातलेलं ताक, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, कैरीचं पन्हं, आंबील. शिदोरीतली भाकरी, ठेचा आणि लोणचं यातूनही मीठ मिळतं.

• ओआरएसचं पाकीट नसेल तर घरी करा: १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, म्हणजे ५ मिलीचा. मीठ यापेक्षा जास्त घालू नका.

• रक्तदाब, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

• वाकून काम करताना दर तासाला दोन मिनिटं उभे राहा. कमरेवर हात ठेवून हळूच मागे झुका, पोटऱ्या ताणा. एवढ्याने काम मागे पडत नाही. गोळा आला तर मात्र अर्धा दिवस जातो.

• शक्य असेल तर दुपारी १२ ते ३ या वेळेत सावली धरा.

पालखीसोबत किंवा यात्रेला चालत जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. एरवी दिवसात एक-दोन किलोमीटर चालणाऱ्याने अचानक २०-२५ किलोमीटर चालायला घेतलं तर पोटऱ्या ओरडणारच. निघण्याआधी तीन-चार आठवडे रोज थोडं थोडं अंतर वाढवत नेलं तर स्नायूंना सवय होते. नवी कोरी चप्पल किंवा बूट घालून निघू नये. मुक्कामी पोहोचल्यावर लगेच आडवं होण्याआधी पाच मिनिटं पाय ताणून घ्यावेत.

भरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींनीही हेच लक्षात ठेवावं. गोळा हा बऱ्याचदा 'सवयीपेक्षा जास्त वेग' याचा परिणाम असतो. वेग आणि अंतर एकाच आठवड्यात दोन्ही वाढवू नका. पळण्याआधी दहा मिनिटं हळू धावून अंग गरम करा, पळून झाल्यावर पाय ताणा. चाचणीच्या आदल्या दिवशी जागरण नको.

रात्री येणारा गोळा कसा टाळायचा?

झोपण्याआधी तीन मिनिटं द्या. नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांवरच्या ८० लोकांवर झालेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. या सगळ्यांना रात्री गोळे येत होते. त्यातल्या निम्म्या लोकांनी ६ आठवडे रोज झोपण्याआधी पोटरी आणि मांडीच्या मागचा स्नायू ताणला. त्यांच्या गोळ्यांची संख्या आणि तीव्रता, दोन्ही कमी झाली.

घरी करायला हे सोपं आहे. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहा, तळहात भिंतीला टेकवा, टाचा न उचलता पुढे झुका, पोटरीत ताण जाणवला की थांबा. मनात वीसपर्यंत मोजा. दोन्ही पायांचं तीन-तीन वेळा करा. ज्यांचा तोल जातो त्यांनी खाटेवर बसून टॉवेलने पाय ओढावा.

याशिवाय पायावरचं पांघरूण सैल ठेवा. पोटावर झोपायची सवय असेल तर पावलं खाटेच्या कडेबाहेर राहू द्या. संध्याकाळी थोडं चालणंही उपयोगी पडतं. दिवसभर दुकानात, बँकेत किंवा शाळेत उभं राहणाऱ्यांनी आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांनी मधूनमधून टाचा वर-खाली कराव्यात.

गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, रात्रीचे गोळे खूप जणींना येतात. ताण देण्याचा उपाय त्यांनाही चालतो. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या दवाखान्यातून दिल्या असतील तर त्या चालू ठेवाव्यात, पण स्वतःच्या मनाने जास्तीचं काही सुरू करू नये.

केळं, लोणच्याचा खार, मॅग्नेशियम: किती उपयोग?

मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत हे तीन उपाय हमखास असतात.

केळं चांगलं फळ आहे, त्यात पोटॅशियम असतं. पण गोळा आल्यावर केळं खाल्लं तर ते पचून रक्तात पोहोचेपर्यंत गोळा आपोआप सुटलेला असतो. रोजच्या जेवणात केळं, डाळी, पालेभाज्या, शेंगदाणे, तीळ, दूध-दही असेल तर बहुतेकांना वेगळ्या गोळ्यांची गरज पडत नाही.

लोणच्याच्या खाराची गोष्ट गमतीची आहे. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, विजेच्या सौम्य झटक्यांनी आणलेला गोळा काकडीच्या लोणच्याचं आंबट-खारट पाणी प्यायल्यावर साध्या पाण्याच्या तुलनेत लवकर सुटला. इतक्या कमी वेळात मीठ रक्तात पोहोचणं शक्य नाही. म्हणून संशोधकांचा अंदाज असा, की तीव्र चवीमुळे घशातल्या मज्जातंतूंना धक्का बसतो आणि तो संदेश गोळा थांबवतो. पण ते पाणी व्हिनेगर आणि मिठाचं होतं. आपलं लोणचं तेल-मसाल्याचं असतं. त्याच्यावर हा प्रयोग झालेला नव्हता. चमचाभर खार चाटून पाहायला हरकत नाही, मात्र रक्तदाब असलेल्यांनी त्याची सवय करू नये.

मॅग्नेशियमच्या गोळ्यांबद्दल आतापर्यंतच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये घेतला गेला. वयस्कर लोकांच्या गोळ्यांवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. गरोदर महिलांबाबतचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत.

एक उपाय मात्र टाळायलाच हवा. मलेरियावरचं क्विनाइन हे औषध पूर्वी गोळ्यांवर दिलं जायचं. रक्तावर आणि हृदयावर त्याचे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१० मध्ये या वापराविरुद्ध पुन्हा इशारा दिला. कुणाच्या सांगण्यावरून ते घेऊ नका.

हा साधा गोळा नाही, हे कसं ओळखायचं?

साधा गोळा काही सेकंद ते काही मिनिटं टिकतो, ताण दिल्यावर सुटतो आणि मागे फक्त ठणका ठेवतो. खालीलपैकी काही दिसलं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका.

उन्हात गोळे आणि सोबत चक्कर, मळमळ, डोकेदुखी: उष्णतेचे पेटके ही उन्हाच्या त्रासाची सुरुवात असते. काम थांबवा, सावलीत या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, ओआरएस प्या. तासाभरात बरं वाटलं नाही तर दवाखाना गाठा. बोलणं असंबद्ध झालं, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात असू शकतो. तोंडात पाणी ओतू नका, अंग थंड करत राहा आणि १०८ला फोन करा. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम भर उन्हात, उघड्या मैदानावर झाला. त्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. विदर्भातला एप्रिल तर याहून कडक असतो.

फवारणीनंतर स्नायू फडफडणं: हा धोका सोयाबीन-कपाशीच्या पट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. काही कीटकनाशकं स्नायू आणि मज्जातंतूंमधला 'थांब' हा संदेशच बंद पाडतात. मग स्नायू बारीक बारीक उडतात, पेटके येतात. सोबत तोंडाला लाळ सुटते, घाम येतो, डोळ्यांची बाहुली बारीक होते, अंधुक दिसतं, उलटी होते, दम लागतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. अशी लक्षणं दिसली तर शेताबाहेर या, कपडे काढून अंग साबणाने धुवा, उलटी करवू नका आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल घेऊन लगेच रुग्णालयात जा. लिंबूपाणी पिऊन आराम करण्याची ही वेळ नाही.

एकाच पायाला सूज, लाली, उष्णता आणि न थांबणारं दुखणं: पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर, लांबच्या प्रवासानंतर किंवा बरेच दिवस अंथरुणावर पडून राहिल्यावर हा धोका वाढतो. असा पाय चोळू नका. गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते.

ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं: पायाचा रक्तपुरवठा कमी झाल्याचं हे लक्षण असू शकतं. तंबाखू, बिडी, सिगारेटची सवय किंवा मधुमेह असेल तर नक्की तपासून घ्या.

जबर मेहनतीनंतर लघवी चहासारखी किंवा कोलासारखी गडद होणं: स्नायू तुटून त्यातले घटक किडनीवर ताण देत आहेत, असा त्याचा अर्थ असू शकतो. भरतीचा सराव करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

जखमेनंतर जबडा आखडणं, मान-पाठ ताठ होणं: हा धनुर्वात असू शकतो. लगेच रुग्णालयात जा.

लहानपणापासून हात-पाय, हाडं वारंवार दुखणं आणि रक्त कमी असणं: हा गोळा नसून सिकलसेल असू शकतो. विदर्भात हा आजार आढळतो आणि सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी होते.

याशिवाय आठवड्यातून अनेकदा गोळे येत असतील, पायात अशक्तपणा किंवा बधिरपणा असेल, किंवा नवीन औषध सुरू केल्यापासून त्रास वाढला असेल तर डॉक्टरांना सांगा. लघवी वाढवणारी आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी काही औषधं, थायरॉइड, मधुमेह, किडनीचे आजार यांमुळेही गोळे येतात. चालू असलेलं औषध मात्र स्वतःहून बंद करू नका.

लक्षात ठेवायचं ते एवढंच

गोळा आला की आधी ताण द्या, मग चोळा. रात्रीचा असेल तर झोपण्याआधी तीन मिनिटं पाय ताणा. उन्हातला असेल तर विसावा घ्या आणि पाण्यासोबत मीठ-साखर घ्या. आणि गोळ्यासोबत चक्कर, सूज, लाळ, दम लागणं किंवा गडद लघवी यापैकी काहीही असेल, तर गमछा आणि तेलाची वाटी बाजूला ठेवून थेट दवाखान्यात जा.